हौसाचे मिरे आणि आभाळातली धूळ

माझ्या अंगाला कापराचा वास यायचा. हौसा होती तोवर. हौसा माझी बायको. कपड्यांना कसर लागू नये म्हणून ती ट्रंकेत कापूर ठेवायची, आणि माझे कामावरचे शर्टही त्याच ट्रंकेत असायचे. मी दारातून आत पाऊल टाकलं की तांबोळी बाई मान वर न करता म्हणायच्या, "भाऊ आले. देऊळ उघडलं." तांबोळी बाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या मुख्य शास्त्रज्ञ. तळेगाव दाभाड्याच्या. देवळाची चेष्टा त्यांनी करायची आणि उरुसाची मी, असं आमचं ठरलेलं.

हा वास ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहे.

माझं शिक्षण सातवी. गाव सुदुंबरे. आधी कारखान्यात फिटर होतो, तो बंद पडला, मग ही नोकरी मिळाली. बेगडेवाडीला गाडी धरायची आणि लोणावळ्याच्या अलीकडं उतरायचं. तिथं डोंगराच्या पायथ्याला आमची प्रयोगशाळा. कागदावर माझा हुद्दा मेकॅनिक. पंप, नळ्या, व्हॉल्व माझ्याकडं. गळती शोधायची ती मीच. आणि धुळीच्या चकत्या पाडायच्या त्याही मीच.

धूळ म्हटलं की लोक हसायचे. जवळच्या गावचे सरपंच एकदा आले होते. सगळं फिरून बघितलं, चहा घेतला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "आबा, एवढी यंत्रं लावून धूळ बनवताय? आमच्या खडी क्रशरवर या की. ट्रकनं भरून देतो."

मी म्हणालो, "त्ये चालत न्हाई. आमाला आभाळातली पायजे."

"मग आभाळातून आणा."

"तितं गाडी जात न्हाई, म्हणून तर हितं बनवतोय."

त्यांना जे समजावलं तेच तुम्हालाही सांगतो. दोन ताऱ्यांच्या मधली जागा रिकामी नसते. तिथं धूळ असते. दगडाचीच, पण काचेच्या जातीची आणि पिठाहून कितीतरी बारीक. तिथली थंडी उणे दोनशे साठ अंशांच्या घरातली. तरी ती धूळ पुरती विझलेली नसते. तिच्यातून डोळ्यांना न दिसणारी अगदी बारीक धग निघत असते. तव्यावर हात न टेकवता धरला की जी लागते, तिच्याच जातीची. मोठ्या दुर्बिणी ती धग टिपतात, आणि शास्त्रज्ञ त्यावरून सांगतात की या ढगात इतकी धूळ आहे. पण धगीवरून वजन काढायचं तर चिमूटभर धूळ तेवढ्या थंडीत किती धग देते हे आधी ठाऊक पाहिजे. चूल न बघता, नुसत्या धगीवरून आत लाकूड किती ते सांगण्यातला हा प्रकार. लाकूड बाभळीचं का सावरीचं हेच माहीत नसेल तर अंदाज चुकणार.

आता एवढ्या थंड चिमटीची धग कशी मोजायची? तर उलट्या वाटेनं जायचं. जी वस्तू धग चांगली पिते तीच चांगली देते. काळा तवा लवकर तापतो आणि लवकर निवतोही. म्हणून आम्ही धूळ प्लास्टिकच्या भुकटीत कालवून, दाबयंत्राखाली दाबून, नाण्याएवढी चकती पाडायचो. ती चकती थंडीच्या हंड्यात बसवायची. हंडा म्हणजे स्टीलचं भांडं, आतली सगळी हवा काढलेली, आणि एक यंत्र त्याला दिवसभर चुक्‌चुक्‌ करत थंड करत असतं. मग चकतीतून तो न दिसणारा उजेड आरपार सोडायचा आणि धुळीनं किती पिऊन घेतला ते मोजायचं. कॉम्प्युटरवर एक रेघ यायची. त्या रेघेसाठी सगळा खटाटोप.

मी हंड्याची गळती कानानं ओळखायचो. पंपाचा आवाज जरा कोरडा झाला की समजायचं, कुठंतरी हवा शिरतीय. एकदा रबराच्या कडीवर पापणीचा एक केस अडकला होता, त्यानं आठ दिवस खाल्ले. केस बाईंचा निघाला. मी तो कागदाला चिकटवून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि खाली लिहिलं, मालकाला परत.

बाईंचं म्हणणं असं होतं, की पुस्तकात या धुळीसाठी जो आकडा धरलाय तो सगळ्या थंडीला एकच धरलाय, आणि तीच चूक आहे. ही काचेच्या जातीची धूळ जसजशी थंड होते तसतशी तिची चाल बदलते. हे खरं ठरलं तर आभाळातल्या त्या ढगांची वजनं पुन्हा करावी लागणार होती. सहा वर्षं बाई यावर होत्या. रेघा त्यांच्या बाजूनं पडत होत्या. आणि मग टेंगूळ आलं.

टेंगूळ हा माझा शब्द. रेघ गुळगुळीत उतरत जायची, तिच्यावर एका ठिकाणी उंचवटा यायला लागला. चकती गरम असताना अगदी पुसट, थंड केली की टचटचीत. आधीच्या चकत्यांना नव्हता. संक्रांतीच्या पुढं पाडलेल्या प्रत्येक चकतीला होता. बाई पहिल्यांदा हरखल्या, काहीतरी नवं सापडलं म्हणून. दोन महिन्यांत तो आनंद उतरला, कारण दगडाच्या धुळीत असा उंचवटा येण्याचं काहीच कारण सापडेना.

पोळ्याच्या सुमाराला बाहेरून एक मोठे सर तपासायला आले. माणूस वाईट नव्हता, पण सरळ होता. रेघा बघून म्हणाले, "डॉक्टर, भातात एक खडा लागला की माणूस पुढचा प्रत्येक घास चाचपत खातो. तुमची बाकीची रेघ बरोबर असेलही. मी तिच्यावर आता विश्वास कसा ठेवू?"

बाई म्हणाल्या, "मला वेळ द्या."

"होळीपर्यंत. हा उंचवटा कशाचा ते सांगा. नाहीतर हे यंत्र दुसरीकडं पाठवावं लागेल. तिथं लोक वाट बघतायत."

यंत्र गेलं की बाईंची सहा वर्षं गेली. त्या दिवशी त्या डबा न खाता घरी गेल्या.

मग आम्ही खोड शोधायला लागलो. पंपाचं तेल उलट येत असेल म्हणून पंप खोलला. तीनदा खोलला. हंड्याची खिडकी बदलली. प्लास्टिकच्या भुकटीवर संशय घेतला. पाण्याचा अंश असेल म्हणून चकती पाडण्यापुरती सोडून धूळ कपाटातून बाहेर काढायची बंदच केली, आणि हा शहाणपणा आमच्या अंगाशी आला. मी सगळ्या यंत्रांकडं संशयानं बघितलं. आरशात तेवढं बघितलं नाही.

कपाटाचं सांगतो. आमच्याकडं पावसाळ्यात काडीपेटी ओढली तर नुसती काळी रेघ उठते, पेटत नाही. चपलेला हिरवी बुरशी येते. अख्ख्या इमारतीत कोरडी जागा एकच : धुळीचं कपाट. आत ओल पिणारे निळे खडे, तळाशी एक बल्ब सतत जळता. धूळ काचेच्या बश्यांत, वर नुसता जाळीचा कागद, म्हणजे कोरडी हवा लागावी. प्लास्टिकची भुकटीही तिथंच. किल्ली माझ्या कमरेला. दुसरं कोणी ते उघडायचं नाही.

आणि दरवर्षी खंडे नवमीला मी यंत्रांची पूजा करायचो. फिटर माणूस, हत्यारांची पूजा सोडणार कसा? हंड्याला हार, पंपाला हळद-कुंकू, बाहेर व्हरांड्यात कापूर. बाई स्वतः झेंडूची फुलं आणायच्या. उरलेलं सामान मी पिशवीत घालून घरी न्यायचो. पण मोठे सर आले त्याच्या आदल्या वर्षी नवमीला पाऊस धो धो होता. पिशवी भिजेल म्हणून मी काडीपेटी, वाती आणि कापराची पुडी कोरड्या जागी ठेवली. कपाटाच्या खालच्या फळीवर, मागं. आणि विसरलो.

बारा महिने गेले. नवमीच्या आदल्या दिवशी आठवण झाली. पुडी काढली. डझनभर वड्या होत्या, आता हरभऱ्याच्या डाळीएवढे चार तुकडे. संध्याकाळी घरी जाऊन हौसाला दाखवले. ती भाकरी थापत होती.

"त्या दुकानदारानं भेसळीचा माल दिला बघ," मी म्हणालो.

"डबीत मिरं टाकलेलं का?"

"डबी कुटली? कागदात व्हता."

"मग उडाला की. त्याला कशाला बोल लावता?"

आमच्याकडं कापराच्या डबीत चार काळे मिरे टाकायची रीत आहे. कापूर उडत नाही म्हणतात. हौसाच्या डबीत ते कायम असायचे. मी चिडून म्हणालो, "उडाला म्हंजे गेला कुटं? बंद कपाटात व्हता."

तिनं भाकरी तव्यात टाकली आणि पाणी फिरवत म्हणाली, "तुमच्या शर्टाला इचारा. ट्रंकेत ठेवते त्यो कुटं जातो? कापडात बसतो. जाडंभरडं कापड धुतलं की सोडतं. ती तुमच्या आयची रेशमी शाल हाय न्हवं, तीनदा उन्हात टाकली तरी वास सोडंना. जेवढं बारीक, तेवढं धरून ठिवतं."

मी कापराचे तुकडे पुन्हा कागदात गुंडाळले.

बाईंनी मला एकदा सांगितलं होतं, की आपली धूळ इतकी बारीक आहे की चमचाभर धुळीचं अंग उलगडून पसरलं तर अख्खं अंगण झाकेल. रेशमाची ती काय कथा. बारा महिने जळत्या बल्बच्या उबेत, बंद कपाटात, उघड्या बश्यांशेजारी मी कापूर ठेवला होता. आणि टेंगूळ आलेली पहिली चकती त्यानंतरच्या संक्रांतीच्या पुढची.

हौसाला सगळं सांगितलं. म्हणालो, "गप बसलो तर कुणाला कळणार न्हाई. उद्या सामान उचलतो, धूळ नवी बनवाय लावतो, टेंगूळ आपसूक जाईल."

"आन् त्या सायबानं इचारलं, टेंगूळ कशाचं व्हतं, मग?"

"बाई बघतील."

"काय बघतील? त्यांना ठावंच नसंल तर काय सांगतील?"

"अगं, दोन वर्षं राहिली नोकरीची. काढून टाकतील मला."

"तुमची दोन वर्षं जातील. त्या बाईची सा चाललीत." मग भाकरी उलटवून म्हणाली, "जेवा. निवाया लागलंय."

दुसऱ्या दिवशी खंडे नवमी. बाई झेंडूची पिशवी घेऊन आल्या. मी कापराचे तुकडे त्यांच्या टेबलावर ठेवले आणि झालं ते सांगितलं. एका दमात, मान खाली घालून. त्यांनी तुकडे बोटानं उलटून बघितले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग उठल्या, कपाट उघडायला लावलं, धुळीच्या बशीवर वाकून हुंगलं. मग माझ्याकडं वळून माझा खांदा हुंगला.

"भाऊ, शर्ट काढा."

"काय?"

"शर्ट काढा. मला कळेना, वास तुमचा का धुळीचा."

मी शर्ट काढला. त्यांनी पुन्हा हुंगलं आणि म्हणाल्या, "बनियनलाही आहे."

"ती पण काढू का?"

"नको. तुम्ही बाहेर जा. फाटकापर्यंत."

खंडे नवमीच्या सकाळी, लोणावळ्याच्या थंडीत, मी बनियनवर फाटकाशी उभा राहिलो. वॉचमननं विचारलं, "आबा, काय झालं?" म्हणालो, "माझी तपासणी चाललीय." पाच मिनिटांनी बाई व्हरांड्यात आल्या. वर्षभरात पहिल्यांदा हसताना दिसल्या.

"भाऊ, देऊळ बाहेर उभं आहे आणि वास आत येतोय."

असा तो घोटाळा. वास सगळ्यांना येत होता. पण कपाट उघडणारा मी, आणि मी आलो की वास येणारच, हे सगळ्यांनी धरून ठेवलेलं. माझ्या नाकाला तर तो वास कधीच मेला होता.

मी विचारलं, "पूजा करायची का?"

"करायची. कापूर फाटकाबाहेर."

नुसता वास म्हणजे पुरावा नाही, हे बाईंनी लगेच सांगितलं. धूळ नव्यानं बनवायला दिवाळी उलटली. कपाट धुतलं, निळे खडे बदलले. मला कामावर यायला नवे कपडे दिले, ते तिथंच ठेवायचे, तिथंच घालायचे. हौसा म्हणाली, "नव्या नवरीगत चाललंय तुमचं."

मग मी तीन चकत्या पाडल्या. तशा चकत्या मी आयुष्यात पाडल्या नसतील. एक जुन्या धुळीची. एक नव्या धुळीची. आणि तिसरीत धूळच नाही, नुसती नवी प्लास्टिकची भुकटी आणि नखभर कापूर, मुद्दाम घातलेला.

जुनीला टेंगूळ आलं. ते येणारच होतं. दुसऱ्या दिवशी कापराची चकती हंड्यात चढवली. सकाळी यंत्र सुरू केलं, दुपारी जेवणानंतर हंड्याला पुरती थंडी लागली. रेघ डावीकडून निघाली. आणि जिथं जुन्या धुळीला टेंगूळ यायचं, नेमकं तिथंच उठलं. तेवढंच रुंद, त्याहून उंच. बाईंनी दोन्ही रेघा एकावर एक ठेवल्या. मला वाचता येत नाही त्यातलं फारसं, पण दोन टेंगळं एकावर एक बसलेली कुणालाही कळतात.

राहिली नवी धूळ. तिसऱ्या दिवशी ती चढवली. तिचं टेंगूळ गेलं पाहिजे होतं, आणि बाकीची रेघ राहिली पाहिजे होती. रेघही गेली असती, तर सहा वर्षं कापूरच मोजला असं झालं असतं. थंडी लागली. चकती गरम असतानाची रेघ पडद्यावर आधीच होती; तिच्याखाली थंडीतली रेघ यायला लागली तशी बाईंनी पडद्यावर टेंगळाच्या जागी तळहात ठेवला.

"तुम्ही बघा, भाऊ. मला नाही बघवत. कडेची रेघ कशी आहे?"

मी चष्मा पुसून बघितलं. "उतरतीय. पयल्यागत."

"नीट बघा. थंडीबरोबर खाली सरकतीय का?"

"सरकतीय. सगळ्या थंडीला एकच न्हाई. तुमी म्हणता तशीच."

रेघ शेवटाला गेली. मी म्हणालो, "आता हात काढा."

त्यांनी हात काढला. खाली काही नव्हतं. गुळगुळीत. भाताच्या खाचरात पाणी सोडल्यावर दिसतं तसं सपाट. बाईंनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि तशाच खुर्चीत बसून राहिल्या. मग त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि दुपारच्या तीन वाजता, यंत्राशेजारी, पोटभर जेवल्या. मला अर्धी पोळी दिली. आमच्याकडं यंत्राशेजारी खायला बंदी आहे. त्या दिवशी ती बंदी आम्ही दोघांनी मोडली.

माघात मोठे सर आले. बाईंनी तिन्ही रेघा मांडल्या. सरांनी प्रत्येकीवर तास घालवला, उलटसुलट विचारलं. मग चष्मा काढून म्हणाले, "कापूर! हे शोधलं कोणी?"

"भाऊंनी."

"आणि कपाटात कापूर ठेवला कोणी?"

"तोही भाऊंनीच."

सर माझ्याकडं वळले. मी म्हणालो, "साहेब, दोन्ही कामं एकाच मजुरीत केलीत." ते मोठ्यानं हसले आणि यंत्र जागेवरच राहिलं. बाईंचा निबंध बाहेरदेशी छापून आला. आता त्या ढगांची वजनं करणारे लोक आमची रेघ धरूनही हिशेब करून बघतात, असं बाई सांगतात. मला कामावरून कोणी काढलं नाही. पण आता तिथं कपाटावर एक पाटी आहे, आत काय ठेवायचं नाही त्याची, आणि पहिला शब्द कापूर आहे. ती पाटी माझ्या नावची आहे असं मी धरून चालतो.

निबंधाच्या शेवटी आभाराच्या ओळी असतात. त्यात बाईंनी हौसाचं नाव घातलं. मी इंग्रजी अक्षरं लावत लावत तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "माझं नाव कशापायी? म्या तर कापडाचं बोलले." तरी कागद घडी करून ट्रंकेत ठेवला, शालीखाली.

निवृत्तीच्या महिन्यात बाई म्हणाल्या, "भाऊ, एक राहिलं. मिऱ्यांनी खरंच कापूर थांबतो का?" मग आम्ही दोन सारख्या डब्या घेतल्या, दोन्हीत सारखा कापूर, एकीत चार मिरे. आमच्या तराजूला केसाचंही वजन कळतं. दर सोमवारी वजन केलं. दोन्ही डब्यांतला कापूर सारखाच उडाला. झाकण सैल ठेवलं की जास्त, घट्ट लावलं की कमी. आमच्या तराजूवर तरी मिऱ्यांचा काही उपयोग दिसला नाही.

मी घरी जाऊन हौसाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. इतकी वर्षं तिची चूक सापडावी अशी इच्छा होती, ती पुरी झाली. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "झाकण घट लावायचं ध्यानात कशानं ऱ्हातं? मिरं दिसलं की. तुमच्या पुडीत व्हतं का मिरं?"

मी गप बसलो. तिच्यापुढं मी नेहमीच गप बसायचो, फक्त कबूल करत नव्हतो. आता करतो.

मागच्या पावसाळ्यात चार दिवसांच्या तापात ती गेली. त्यावर मला जास्त लिहिता येत नाही. घरात दोन माणसांची भांडी आहेत आणि मी एकटा जेवतो, एवढंच सांगतो. ट्रंक उघडली नाही बरेच महिने.

यंदा खंडे नवमीला बाईंनी बोलावलं. म्हणाल्या, पूजा तुम्हीच करायची. मी ट्रंक उघडली. निबंधाच्या कागदाला शालीचा वास लागला होता. शेजारी हौसाची पितळी डबी. झाकण इतकं घट्ट लावलेलं की मला, फिटरला, कापडानं धरून फिरवावं लागलं. आत कापूर जवळपास तसाच. वर चार मिरे.

फाटकाबाहेर पूजा झाली. हंड्याचा हार आतच घातला, आरती बाहेरून केली. बाईंनी डबी हातात घेऊन बघितली.

"भाऊ, मिरे अजून ठेवता? आपण तर मोजून बघितलं होतं."

"व्हय," मी म्हणालो. "तुमचं मोजमाप बरोबर हाय."

आणि झाकण घट्ट लावलं.